दाराची चौकट आणि गावाची वेस

आजचे वाचन: अनुवाद ६:४-२५
सोबत वाचा: लूक २:४१-५२, २ तीमथ्य १:५



आजचा उतारा आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून पाठ आहे. देव एकच आहे, त्याच्यावर पूर्ण मनाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती कर, ही वचने स्वतःच्या हृदयात ठेव आणि मग आपल्या मुलांना शिकव. कधी शिकवायचं? घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना. वेळापत्रकात तास नाही, वर्ग नाही, घंटा नाही.

आमच्या घरी हा उतारा जरा जास्तच वेळा वाचला जातो, कारण आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. आम्ही सरावलीत राहतो. बोईसर स्टेशन आणि तारापूर एमआयडीसी दोन्ही जवळ. मुलं घरी शिकतात, हे कळलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग तोच प्रश्न विचारतो: "अरे, पण तुम्ही ख्रिश्चन ना? शाळा तर तुमच्याच!"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आजचं मनन त्याच्यावर. विश्वास जपण्यासाठी आपली मुलं घरी ठेवणं बरोबर आहे का? आणि बरोबर असेल तर कोणत्या अटीवर?

आधी आमचा दिवस कसा असतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे उगाच काही भव्यदिव्य डोळ्यांसमोर यायला नको. सकाळी एमआयडीसीच्या पहिल्या शिफ्टच्या बस सुटतात तेव्हा आमची आजी उठलेली असते. सहा-साडेसहाला सगळे मिळून एक स्तोत्र वाचतो, प्रार्थना करतो. धाकटा निम्मा झोपेत असतो. मग चहा, दूध, अंघोळी. साडेनऊ ते बारा मुलांची आई त्यांना मराठी, इंग्रजी आणि विज्ञान शिकवते. गणित माझ्याकडे, ऑफिसच्या कॉल्सच्या आधी किंवा नंतर. दुपारी आजी गोष्टी सांगते, त्यात पवित्र शास्त्र किती आणि तिचं माहेर किती हे वेगळं करणं अवघड. बाजारात थोरली हिशेब करते. डहाणू लोकलचं वेळापत्रक हे तिचं वेळ-अंतराचं पुस्तक. चिंचणीच्या समुद्रावर गेलो की भरती-ओहोटी, सातपाटीला गेलो की पापलेटचा भाव आणि होड्या. १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभाजवळ नेऊन १९४२ मध्ये तिथे गोळीबारात पडलेल्या पाच जणांबद्दल सांगतो. आणि हो, कंटाळा, रडणं, "मला नाही करायचं" हेही रोजचंच.

वाटेने चालताना शिकवणं म्हणजे काय, ते आमच्या जिल्ह्याने फार पूर्वी करून दाखवलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा त्या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात त्या कल्पनेचं मूळ इथे आहे. मोठी मुलं गुरं चारायला जायची, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: गुरं चरत असतानाच मुलांनी शिकायचं. मला हे वाचून नेहमी वाटतं की अनुवादाच्या सहाव्या अध्यायाला यांनी पाय दिले.

पण एक फरक आहे, आणि तो टोचतो. ताराबाई आणि अनुताई अंगणात गेल्या त्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी. आम्ही अंगणात बसतो ते स्वतःच्या मुलांसाठी.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा फरक सहज झटकता येत नाही. आपला वारसाच शाळेचा आहे. सिंथिया फरार ही एकटी अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतिराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. अहमदनगरची ती मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. ज्यांना कुणी ओसरीवरही येऊ देत नव्हतं त्यांच्यासाठी शाळेचा दरवाजा हा माणूसपणाचा दरवाजा होता. आणि आज त्याच परंपरेतलं एक कुटुंब म्हणतं, नको, आम्ही घरीच शिकतो. लोकांना प्रश्न पडणारच.

आमच्या बिल्डिंगमागे चाळीच्या खोल्या आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं, बहुतेकांचं पोट एमआयडीसीवर. तिथली एक मुलगी आमच्या थोरलीच्या वयाची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. एकदा तिने थोरलीला विचारलं, "तुला शाळेत कुणी पाठवत नाही का?" तिच्या आवाजात कीव होती. तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तिच्यासाठी घरी राहणं म्हणजे भांडी, पाणी आणि धाकट्या भावाला सांभाळणं. शाळा म्हणजे दिवसातले ते चार-पाच तास, जेव्हा ती कुणाची ताई नसते, फक्त विद्यार्थिनी असते. दुपारचं जेवणही तिथेच. आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यांवरून दिवाळीनंतर किती कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळा कशी सुटते, हे इथे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ती मुलंही शाळेबाहेरच असतात. पण त्याला कुणी घरशाळा म्हणत नाही.

म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा मला राग येत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याचं कलम १० म्हणतं. घरशाळेला त्या कायद्यात वेगळं नाव नाही. घरी शिकणारी बरीच मुलं पुढे एनआयओएस, म्हणजे १९८९ पासून चालू असलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था, तिच्यातून परीक्षा देतात. पण ते कलम मुळात कुणासाठी आहे? माझ्या मुलीसाठी कमी आणि चाळीतल्या त्या मुलीसाठी जास्त. तिला घरी ठेवणाऱ्या हातांना ते अडवतं. माझी निवड ही निवड आहे, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे, शिकलेली बायको आहे, पुस्तकं आहेत. हे सगळं कृपेने मिळालंय. आणि कृपेने मिळालेलं फक्त स्वतःपुरतं वापरायचं नसतं, हे तर आपण दर रविवारी ऐकतो.

आता पुन्हा उताऱ्याकडे येऊ. तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट. ही आज्ञा सुरू होते ती इस्राएलाला हाक मारून. एका सुखी कुटुंबाला नाही, अख्ख्या लोकांना. आणि नवव्या वचनात ही वचनं कुठे लिहायची ते सांगितलंय: घराच्या दाराच्या चौकटीवर आणि फाटकांवर. फाटक म्हणजे त्या काळी गावाची वेस. तिथे व्यवहार व्हायचे, न्यायनिवाडा व्हायचा, परका माणूस पहिल्यांदा तिथेच भेटायचा. रूथच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बवाज वडीलधाऱ्यांना घेऊन बसतो तो वेशीवरच. म्हणजे एकाच वाक्यात दोन जागा आहेत. चौकट आणि वेस. ज्याने चौकटीवर लिहिलं आणि वेशीवर लिहायचं सोडलं, त्याने अर्धीच आज्ञा पाळली. आपल्यासारख्या घरांना हाच मोह सगळ्यात मोठा. घर छान सजतं, वचनं भिंतीवर लागतात, आणि वेस कुणाची तरी दुसऱ्याची जबाबदारी होते.

दुसरी गोष्ट. मुलांना शिकवा यासाठी इथे जो मूळ इब्री शब्द आहे, त्याच्या धातूचा अर्थ धार लावणे. पुन्हापुन्हा घासून पातं तीक्ष्ण करणं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते: कोड आधी सुरक्षित जागी चालवून बघायचा, खऱ्या युजरपासून लांब. तेवढ्यापुरतं घर हे तसं ठिकाण असू शकतं. पण जो कोड कधीच बाहेर जात नाही त्याला कुणी प्रॉडक्ट म्हणत नाही. धार लावलेलं पातंही कपाटात ठेवायला नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटते. विसाव्या वचनात मुलगा प्रश्न विचारतो: या आज्ञांचा अर्थ काय? शास्त्राने मुलाचा प्रश्न गृहीत धरलाय. आणि बापाने काय उत्तर द्यायचं? "मी सांगतो म्हणून" असं नाही. त्याने गोष्ट सांगायची: आपण मिसरात गुलाम होतो आणि प्रभूने आपल्याला बाहेर काढलं. म्हणजे विश्वासाचं शिक्षण सुरू होतं ते सुटकेच्या गोष्टीपासून. मग ज्या शिक्षणाची सुरुवात गुलामीतून सुटण्याने होते, त्याने मुलाला बांधून कसं ठेवायचं?

इथे मला एका मुलीची आठवण येते जी एक दिवसही शाळेत गेली नाही.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईने संस्कृत शिकणं लोकांना मानवलं नाही. विरोध इतका झाला की ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे आई मुलीला शिकवू लागली. कामं सुरू व्हायच्या आधी, पहाटे, झोपाळलेल्या लेकीला प्रेमाने जागं करून. पुस्तक हातात नसे. आई म्हणे आणि मुलगी पाठ करी. आजूबाजूला पाखरं जागी होत असत. झोपताना आणि उठताना म्हणजे काय, ते या रानातल्या माउलीने अनुवाद न वाचताच केलं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये त्या कोलकात्याला पोचल्या, आणि तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

जरा थांबून विचार करा. घरशाळेचं आपल्या मराठी मातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण कुठलं, तर हे. आणि त्या घरशाळेतून निघालेली मुलगी आईवडिलांच्या धर्मात राहिली नाही. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट आनंदाने सांगतो, कारण ती आपल्याकडे आली. पण ती बापाच्या बाजूने ऐकून बघा. अनंतशास्त्री श्रद्धाळू होते. त्यांनी मुलीला जे दिलं ते अंतःकरणापासून दिलं. त्यांनी तिला विचार करायला, वाचायला, वाद घालायला शिकवलं, आणि तेच शिक्षण तिला त्यांच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी घेऊन गेलं.

माझ्या मुलांचंही असं होऊ शकतं. उलट दिशेने.

हे लिहायला सोपं नाही. आम्ही रोज सकाळी जी प्रार्थना करतो तिच्यात मुलांनी प्रभूला धरून राहावं हेच मागणं असतं. पण घरी शिकवण्यामागे जर माझा हेतू असा असेल की त्यांना दुसरं काही कळूच नये, म्हणजे ती जाणारच नाहीत, तर मी त्यांना विश्वास देत नाहीये, फक्त कडी लावतोय. आणि कडी आतून काढता येत नसेल तर त्या घराला दुसरंच काही म्हणतात. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप वाट बघतो, धावत जातो, मिठी मारतो. पण तो त्याला जाताना अडवून ठेवत नाही. हे धाडस त्या बापात कुठून आलं, यावर मी अजून विचार करतोय.

लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. त्यांना धक्का बसला, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. त्या आल्या १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या विचाराने. त्यांनाही लिहावाचायला घरीच, नवऱ्याने शिकवलं होतं. पुढे त्याच हाताने 'स्मृतिचित्रे' लिहिली. शिकवणाऱ्याने अक्षर द्यावं. उत्तर शिकणाऱ्याचं असू द्यावं.

आता रमाबाईंच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, आणि आमच्या घराची खरी परीक्षा तोच घेतो. आईने पहाटे जे एकट्या मुलीला दिलं, ते त्या मुलीने एकटीपुरतं ठेवलं नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना आणून केडगावला आसरा दिला, त्यांना अक्षर दिलं, हाताला काम दिलं. शेवटची वर्षं इब्री आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, आणि ते छापायचं काम केडगावच्या मुलींच्याच हातांनी झालं. एका आईची पहाटेची शिकवणी हजारोंच्या वेशीपर्यंत पोचली. चौकट ते वेस, हा प्रवास असा असतो.

लूकच्या दुसऱ्या अध्यायातला बारा वर्षांचा येशूही पाहा. नासरेथच्या घरात वाढलेला मुलगा मंदिरात गुरूंच्या मध्ये बसलेला सापडतो. ऐकतोय, प्रश्न विचारतोय. मरियेला काळजी वाटते, ते साहजिकच आहे. पण तिने घडवलेला मुलगा दुसऱ्यांकडूनही शिकू शकतो, हे घर कमी पडल्याचं लक्षण नाही. घराने काम नीट केल्याचं लक्षण आहे. मोशेही आईच्या मांडीवरून फारोच्या वाड्यात गेला आणि मिसऱ्यांची सगळी विद्या शिकला. तीमथ्याला आजी लोईस आणि आई युनीके यांनी शिकवलं, तरी पुढे त्याला पौलाबरोबर गावोगाव फिरावंच लागलं.

मग आमच्या घरी आम्ही काय ठरवलं आहे? मोठं काही नाही. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी पाच ते सहा आमचं दार उघडं असतं. चाळीतली पाच-सहा मुलं येतात. शाळेचा अभ्यास असतो, मराठी वाचायला अडखळतात, कारण घरी भोजपुरी नाहीतर उडिया. थोरली त्यांच्याबरोबर वाचते. कीव करणारी ती मुलगी तिला हिंदी गाणी शिकवते आणि शाळेत काय झालं ते सांगते. अनुवादाच्या दहाव्या अध्यायात परक्यावर प्रीती करा असं सांगितलंय, कारण तुम्हीही मिसरात परके होता. बोईसरमध्ये ते वचन पाळायला लांब जावं लागत नाही. या तासात आम्ही कुणाला आपला धर्म शिकवत नाही. मुलं विश्वासाने येतात, त्यांच्या आईबापांनी त्यांना गणितासाठी पाठवलेलं असतं. तो विश्वास मोडणं हे वेशीवर चोरी करण्यासारखं होईल. आमची मुलं मात्र बघत असतात की आपल्या घराचं दार कुणासाठी उघडतं. हे शिक्षण पुस्तकात नाही.

अजून एक सांगायला हवं. घरशाळा म्हटलं की लोक "कुटुंब शिकवतं" असं म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत आई शिकवते. तिची नोकरी थांबते, तिचे मित्र कमी होतात, आणि बाप रविवारी साक्ष देतो. अनुवादातली आज्ञा फक्त आईला नाही. म्हणून तुमच्यापैकी जे लग्नाचा, मुलांचा विचार करत आहात, त्यांनी हे आधीच बोलून ठेवा. घरी शिकवायचं असेल तर किंमत दोघांनी मोजायची. आमच्याकडे शनिवार पूर्ण माझा असतो. त्या दिवशी मुलांची आई घरात नसते, आणि कुठे गेली ते कुणी विचारायचं नाही, हा नियम.

तुम्हाला मी घरशाळा करा असं सांगत नाहीये. कितीतरी मित्रांची मुलं शाळेत जातात आणि ते घरी बसताना, वाटेने चालताना, लोकलमध्ये उभं राहूनही मुलांना प्रभूबद्दल सांगतात. त्यांची घरं आमच्याइतकीच त्या उताऱ्यात बसतात. आणि आमची थोरली पुढच्या वर्षी म्हणाली की मला शाळेत जायचंय, तर आम्ही तिचं ऐकू. तिला तसं सांगूनही ठेवलंय. प्रश्न शाळा की घर हा नाहीच. तुमच्या चौकटीवर जे लिहिलंय ते वेशीवर कुणाला वाचता येतं का, हा आहे.

आज विचार करण्यासाठी:

१. माझा विश्वास मला कुणी दिला? त्यांनी मला प्रश्न विचारू दिले का?
२. मला मिळालेल्या शिक्षणातलं काय मी फक्त स्वतःसाठी ठेवलंय?
३. माझ्या दारापासून शंभर पावलांत कोणतं मूल आहे, ज्याचं नाव मला माहीत नाही?

प्रार्थना:

हे प्रभू, तुझी वचनं आधी आमच्या हृदयात असू दे, मग आमच्या जिभेवर. आमची मुलं तुझी आहेत, आम्हाला ती काही वर्षांसाठी सांभाळायला दिलीत. त्यांना धार लावायला शिकव, पण त्यांना मुठीत धरून ठेवायचा मोह आमच्यापासून दूर कर. आमच्या घराची कडी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून सहज निघू दे. ज्या मुलींना शाळा सुटेल अशी भीती आहे त्यांचं रक्षण कर, आणि त्यांच्यासाठी आम्हाला उभं राहायला लाव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.